जागा असली तर

यिल्मरनं गाडी भरायचा आराखडा चौकटीच्या कागदावर काढला होता. तंबू कुठं, शेगडी कुठं, पोरींचा प्लास्टिकचा मगर पोटातली हवा काढून कुठं, सगळं. मागच्या सीटच्या तीन चौकटी होत्या. एकीत थोरली हिस्के, मधे धाकटी मारित, आणि उजव्या खिडकीशी सासरेबुवा, आउके. त्या शेवटच्या चौकटीभोवती त्यानं दोनदा रेघ ओढली होती, कारण यंदाची अख्खी सुट्टी त्या एका चौकटीवर उभी होती.

त्याचं असं झालं होतं की नोव्हेंबरात सासूबाई, म्हणजे बाउक्ये, गेल्या, आणि तेव्हापासून आउके गावच्या पुलापलीकडे गेले नव्हते. घरात बसायचे, कालव्यातल्या होड्या मोजायचे, आणि मुलीनं फोन केला की होड्यांचा आकडा सांगून फोन ठेवायचे. त्यांच्या मुलीनं, निन्केनं, नवऱ्याला, म्हणजे यिल्मरला, बजावलं होतं, की बाबा आले नाहीत तर ती फ्रान्सच्या किनाऱ्यावर तीन आठवडे फोनकडे बघत बसणार नाही. तिसऱ्या दिवशी गाडी घराकडे वळेल. तेव्हा गाडी भरायचं काम यिल्मरकडे आणि बाबांना तीत बसवायचंही यिल्मरकडेच.

आउकेंनी नाही म्हटलं नव्हतं. ‘जागा असली तर येतो,’ एवढंच म्हणाले होते. त्यांच्या फ्रीसलंड मुलखातली माणसं लग्नालाही असाच होकार देतात, त्यामुळे यिल्मर निश्चिंत होता. जागा हा त्याचा प्रांत होता. चौदा वर्षं तो दुधाच्या भुकटीची पोती ट्रकात कशी रचायची हे ठरवत आला होता. कुठं वीतभर पोकळी दिसली की त्याच्या दाढेत कळ यायची. जुलै उजाडला की गल्लीतले लोक आपल्या भरलेल्या गाड्या त्याला दाखवायला आणत, आणि तो डॉक्टरनं जीभ बघावी तसा डिकीत डोकावून मान हलवत असे.

शनिवारी सकाळी सातला त्यानं सुरुवात केली. आठला आउके एकचाकी हातगाडी ढकलत आले. हातगाडीत पंचवीस किलो बटाट्यांचं पोतं होतं, घरच्या वाफ्यातलं. याचं कुणालाच नवल वाटलं नाही. फ्रान्समध्ये बटाटे मिळतात हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कसले मिळतात कोण जाणे. शिवाय कॉफी, चीज आणि शेंगदाण्याचं लोणी तीन आठवड्यांचं आधीच भरून झालं होतं. नुसत्या बटाट्यांवरच परक्या मुलुखाचा भरवसा का टाकायचा?

“बसतील का रे?” आउकेंनी विचारलं.

यिल्मरचे डोळे चमकले. त्यानं पोतं सोडलं आणि बटाटे सुटे केले. काही स्टेपनीच्या खळग्यात गेले, काही पातेल्यांत, काही स्वतःच्या गमबुटांत. पंधरा मिनिटांत पोतं नाहीसं झालं. आउकेंनी डिकीत वाकून पाहिलं, हुं केलं आणि रिकामी हातगाडी घेऊन गेले.

नऊला ते पुन्हा आले. या वेळी टॉयलेट पेपरचे चोवीस रोल आणि कमोडची एक कोरी सीट होती. तिकडच्या तंबूंच्या तळांवर कधीकधी सीट नसते, असं त्यांनी ऐकलं होतं. कुणाकडून, ते सांगितलं नाही. रोल तंबूच्या काठ्यांत ओवले गेले. सीट मगराभोवती बसली. साडेनऊला इस्त्रीचं टेबल, दारातलं पायपुसणं आणि पान्यांची लोखंडी पेटी आली.

“सुट्टीवर इस्त्री कोण करतं, आजोबा?” हिस्केनं विचारलं. ती तेरा वर्षांची होती आणि सगळ्यांची लाज वाटण्याचं तिचं वय नुकतंच सुरू झालं होतं.

आउके म्हणाले की चुरगळलेल्या कपड्यांत माणूस ओळखू येत नाही. निन्केनं नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं की नको म्हणायला त्याची जीभ झडते का. यिल्मर म्हणाला, बाबा आठ महिन्यांत पहिल्यांदा उत्साहानं काहीतरी करताहेत, करू दे. ते खरंही होतं. पण त्याहून खरं असं होतं की इस्त्रीचं टेबल कसं बसवायचं ते त्याला नेमकं तेव्हाच सुचलं होतं.

दहाला कॉफी झाली. कॉफीबरोबर तिथल्या रीतीप्रमाणे एकेक बिस्कीट झालं आणि डब्याचं झाकण लागलं. त्यानंतर आउके अखेरची खेप घेऊन आले: आणखी पंधरा किलो बटाटे आणि पक्ष्यांसाठी खिळे ठोकून केलेलं लाकडी घर.

“तिथं पक्षी असतील की,” ते म्हणाले.

पावणेअकराला यिल्मरनं डिकी एका बोटानं बंद केली. आत मुंगीला शिरायला वाव नव्हता, आणि शिरलीच असती तर तिला वळता आलं नसतं. त्यानं दोन पावलं मागं जाऊन गाडीकडे पाहिलं. असं काम आयुष्यात एकदाच होतं. त्यानं फोटो काढला. रविवारी तो गोदामातल्या मंडळींना पाठवायचं ठरवलं.

तेवढ्यात मागच्या सीटवरून हिस्केचा आवाज आला.

“पपा, आजोबा कुठं बसणार?”

उजव्या खिडकीशी पक्ष्यांचं घर होतं. घराखाली बटाटे होते, बटाट्यांच्या पायाशी पान्यांची पेटी, आणि सगळ्यावरून यिल्मरनं स्वतःच्या हातानं पट्टा ओढून खट्ट करून लावला होता. पक्ष्यांचं घर अगदी शहाण्यासारखं बसलं होतं.

आउके पुढं आले, काचेतून आत बघितलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोकळा झाला.

“म्हणजे जागा नाही,” ते म्हणाले. “मी म्हटलंच होतं, असली तर. निघा तुम्ही. पुढच्या वर्षी बघू.”

निन्के वडिलांकडे बघत राहिली, मग घरात गेली. आतून धुतलेले कप परत धुतल्याचा आवाज येऊ लागला. यिल्मरच्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडला. सासऱ्यांनी चार खेपा केल्या होत्या, आणि त्यांत त्यांचा स्वतःचा एक मोजासुद्धा नव्हता. ते सामान देत नव्हते. ते आपली जागा बुजवत होते, आणि बुजवून द्यायला त्यांना सगळ्या जिल्ह्यातला सर्वात हुशार माणूस मिळाला होता.

तो सासऱ्यांपाशी जाऊन उभा राहिला. दोघंही गाडीकडे बघत होते, कारण तिथले पुरुष एकमेकांकडे बघून महत्त्वाचं बोलत नाहीत.

“बाबा, तुम्हाला यायचंच नाही का?”

आउकेंनी हातगाडीच्या दांड्यावरची माती नखानं खरवडली. मग म्हणाले, “यायचं नाही असं नाही रे. पण तिथं तुम्ही सगळे माझ्याकडे बघत बसणार. आजोबा जेवले का, आजोबा गप्प का. बाउक्ये होती तेव्हा मी तिच्याबरोबर होतो. आता मी म्हणजे नुसतं सामान. बोलणारं सामान.”

नाही हो बाबा, असं काय बोलता, हे यिल्मरच्या ओठांवर आलं होतं. पण चौदा वर्षांच्या नोकरीनं त्याला दुसरंच काहीतरी बोलायला लावलं.

“वजन किती?”

“काय?”

“तुमचं. वजन किती?”

“ब्याण्णव.”

“कपड्यांसकट?”

“बुटांसकट,” आउके चिडून म्हणाले.

“मग चुकलंच माझं,” यिल्मर म्हणाला. “जड माल आधी चढवतात. मी शेवटी ठेवला होता. सामानच असाल बाबा, तर तुम्ही बोलायचं नाही. सामान कुठं ठेवायचं ते मी ठरवतो.”

आणि त्यानं डिकी उघडली. पहिला धबधबा बटाट्यांचाच आला. अर्ध्या तासात सगळी गाडी अंगणात पसरली. मारित इस्त्रीच्या टेबलाखाली घर मांडून बसली आणि शेजारची बाई कुंपणावरून, दुकान कधी लावलंत, असं विचारून गेली. गाडी पार मोकळी झाल्यावर यिल्मरनं उजव्या खिडकीचं दार उघडून धरलं. सासरे म्हणाले, हा वेडेपणा आहे. जावई म्हणाला, नियम आहे. शेवटी शेजारीण पुन्हा डोकावेल या धास्तीनं आउके आत बसले. यिल्मरनं त्यांना पट्टा लावला, कागदावर बरोबरची खूण केली आणि तंबू उचलला.

अशी ती गाडी दुसऱ्यांदा भरली गेली, मधे एक मनुष्य आधीच बसवून. पहिली दहा मिनिटं आउके समोर बघत गप्प होते. अकराव्या मिनिटाला त्यांना राहवलं नाही.

“ती शेगडी आडवी घाल.”

“सामान बोलत नाही, बाबा.”

“आडवी घाल म्हणतो. डिझेलची पिंपं लादलीत मी होडीवर, तुझा जन्म व्हायच्या आधी.”

यिल्मरनं आडवी घातली. बसली. त्याला जरा वाईट वाटलं.

निन्के वडिलांचे कपडे आणायला त्यांच्या घरी गेली होती. बॅग भरायला तिला तासभर लागेल असा यिल्मरचा हिशेब होता, पण ती दहा मिनिटांत परतली. तिच्या हातात जुनी तपकिरी बॅग होती. ती तिनं नवऱ्याच्या पायाशी ठेवली आणि त्याला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, “दाराच्या मागं भरून ठेवलेली होती. वर टोपी. टोपीत पोहायची चड्डी, घडी घातलेली. इस्त्री केलेली.”

यिल्मरनं खिडकीकडे पाहिलं. आउके कालव्याकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

बॅग सीटखाली गेली. कमोडची सीट, पायपुसणं, इस्त्रीचं टेबल आणि तीस किलो बटाटे अंगणातच राहिले. आउकेंचा उजवा गुडघा वाकत नव्हता, म्हणून त्याच्यापुढं यिल्मरनं हातभर जागा तशीच सोडली, अगदी रिकामी. त्या पोकळीकडे बघताना त्याच्या दाढेत कळ आली. त्यानं ती सोसली, आणि पुन्हा तिकडे बघितलं नाही.

साडेबाराला सगळं झालं. निघण्याआधी निन्केनं नेहमीप्रमाणे सगळ्यांना बाथरूमला जाऊन यायला सांगितलं, कारण बेल्जियम ओलांडेपर्यंत थांबायचं नाही असं ठरलं होतं. पोरी गेल्या. यिल्मर जाऊन आला. निन्केनं वडिलांच्या खिडकीवर टकटक केलं.

“बाबा, तुम्हीही जाऊन या. चला, मी दार उघडते.”

आउकेंनी काच दोन बोटं खाली केली आणि पट्टा घट्ट धरला.

“मी उतरत नाही,” ते म्हणाले. “उतरलो की तुम्ही इथं काहीतरी ठेवाल.”