बाबांनी माफी मागितली ती दुपार

माझ्या सासऱ्यांच्या जिभेला हाड नाही, हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. जन्मभर शिंप्याचं दुकान चालवलं आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत आले, "पोट कमी करा, कापड पुरत नाही." ते सुनेला काय सोडणार? भात मऊ झाला की "खळ केलीस का", मोकळा झाला की "दात परत आणून दे". मी मनातल्या मनात त्यांना फौजदार म्हणते. इतक्या वर्षांत एकदा "बरं झालंय" म्हणाले असतील तर शपथ.

लघवीची जळजळ आणि ताप, म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. नवरा कामावर, उशाशी मी. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको बोलकी निघाली. सकाळच्या चहापर्यंत फौजदारांची सगळी कुंडली मी तिच्यापुढे मांडून मोकळी झाले होते.

जेवणाचं ताट आलं. मी चमचा पुढे केला, तर त्यांनी माझा हात धरला.

"तुम्हाला मी फार राबवलं," ते म्हणाले. "कधी चांगलं म्हटलं नाही. माफ करा मला."

मी चाटच पडले. या माणसाने मला जन्मात कधी "तुम्ही" म्हटलं नव्हतं. "अगं ए" हीच माझी पदवी. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण जे ऐकायला कान आसुसले होते ते ऐकू आल्यावर शंका कोण काढतं? मी तरी काढली नाही.

हात गार होता आणि थरथरत होता. श्वास भराभर चालला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलंय.

"थंडी वाजतेय का हो यांना?" शेजारीण म्हणाली.

"नाही हो, मन मोकळं करतायत," मी म्हणाले. आणि खरं सांगायचं तर तिनेही ऐकावं म्हणून मी जरा मोठ्याने विचारलं, "काय म्हणालात बाबा? परत सांगा ना."

ते परत म्हणाले. मी परत विचारलं. लहान मुलाकडून पाहुण्यांसमोर कविता म्हणून घेतात ना, तसं चाललं होतं माझं.

तेवढ्यात नर्स ब्लडप्रेशर बघायला आली. तिने पट्टा उलगडला आणि मी तिला हाताने थांबवलं. "जरा वेळाने या हो. आत्ता महत्त्वाचं बोलतायत." ती क्षणभर घुटमळली. पलीकडून कोणीतरी हाक मारत होतं, ती तिकडे गेली. ती तिकडेच अडकली आणि मी इकडे माफी चाखत बसले.

ती परत आली तेव्हा बाबा बोलायचे थांबले होते, नुसते छताकडे बघत होते. तिने कपाळाला हात लावला, पट्टा बांधला, आकडा बघितला आणि धावतच जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. मग एकच धांदल उडाली. एकीने रक्त काढलं, दुसरीने सलाईन लावून भरभर सोडलं, अँटिबायोटिकची बाटली टांगली. नवऱ्याला फोन गेला, तो धापा टाकत आला.

"सेप्सिस वाटतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लघवीतला संसर्ग अंगभर पसरलाय, प्रेशर पार खाली गेलंय. यात वेळ फार महत्त्वाचा असतो. असंबद्ध काही बोलत होते का? कधीपासून?"

"आत्ताच," मी म्हणाले. "तुम्ही यायच्या जरा आधी."

शेजारणीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"मग आधी सलाईनने प्रेशर चढतंय का ते इथेच बघू," डॉक्टरीणबाई नर्सला म्हणाल्या.

खोटं बोलून मी माझी अब्रू वाचवत होते, आणि किंमत त्या खाटेवरचा माणूस मोजणार होता.

"आत्ता नाही," मी म्हणाले. "जेवण आलं तेव्हापासून. नर्सबाई आल्या होत्या, मीच त्यांना परत पाठवलं."

"का?"

"ते माझी माफी मागत होते."

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र एवढंच विचारलं, "तुम्हाला ओळखत होते का? नाव घेतलं?"

"नाही. मला 'तुम्ही' म्हणत होते."

"म्हणजे बराच वेळ झालाय. थांबायला नको. आयसीयूत हलवा, प्रेशरचं औषध तिथे लगेच सुरू करा." खाट निघालीसुद्धा.

आयसीयूच्या दाराशी आम्ही दोघं बाकावर बसलो. नवरा चिडला असता तर बरं झालं असतं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा आणि माफी? तुला खरं वाटलं ते?"

"वाटावंसं वाटलं," मी म्हणाले. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती, की मी त्याच्या चपलांकडे बघत बसले.

संध्याकाळी आयसीयूतल्या नर्सने दार उघडलं. ती हसत होती. "प्रेशर सावरतंय. शुद्धीवर आलेत. मला म्हणाले, सुई टोचायला शिकलीस कुठे, गोणी शिवायच्या कारखान्यात?"

नवऱ्याने डोळे मिटून हात जोडले. "आले बाबा परत," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

मीही रडले. ते वाचले याचा आनंद होताच, खोटं कशाला बोलू. पण मी रडत होते ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. दुपारी माझा हात धरणारा तो गरीब, गोड माणूस आता पुन्हा भेटणार नव्हता. नवऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "पुरे आता, बरे होतायत ते," तो म्हणाला, आणि मी मान हलवली.