कळलावीचं चित्र

अप्पांचा गुडघा सुजला म्हणून त्या रविवारी चित्र आणायला मी गेले. एकटी. इंग्रजी पाचवीतल्या, चौदा वर्षांच्या मुलीला रेल्वे लायनीपर्यंत जायला सोबत कशाला लागते?

आमचं लुगड्यांचं दुकान, पण अप्पांचा जीव झाडाफुलांच्या जुन्या विलायती चित्रांत. शंभर वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकाच्या प्रती लोकांनी उसवून पानं सुटी विकली होती. छापलेल्या नुसत्या काळ्या रेघा. रंग पानापानावर हातानं, कुंचल्यानं भरलेला. चोवीसांतली तेवीस पानं अप्पांनी दहा वर्षं जुना बाजार हिंडून मिळवली. राहिली होती कळलावी. ती निघाली रेल्वे लायनीजवळच्या चंद्रव्वांकडं. त्यांचे यजमान साहेबाच्या बंगल्यावर माळी होते, साहेबानं जाताना त्यांना दिलेली. पैसे नकोत, एक इरकली लुगडं द्या नि चित्र न्या, असा त्यांचा निरोप होता.

"नीट आण," अप्पा म्हणाले. "आता हिंडायचं बळ नाही गं माझ्यात."

चंद्रव्वांनी लुगड्याची घडी मोडली, अंगठा ओला केला नि काठावर खसाखसा घासला. रंग सुटला नाही. आमच्या दुकानचा माल आहे, सुटेल कसा, असं मी ऐटीत म्हटलं. लई बोलतीस की, असं त्या म्हणाल्या, आणि मला बरंच वाटलं.

मग त्यांनी चित्र पुढं ठेवलं. लाल-पिवळ्या पाकळ्या, जाळासारख्या वर वळलेल्या. आता घेणारी मी होते, पारखून घ्यायला नको? दुकानात लहानपणापासून जे करत आले तेच केलं. अंगठा जिभेला लावला आणि पाकळीवर घासला.

पाकळी अंगठ्यावर आली.

चंद्रव्वांनी चित्र कागदात गुंडाळून दिलं.

घरी मी काही लपवलं नाही. लाल अंगठासुद्धा दाखवला. अप्पांनी चित्र खिडकीकडं धरलं. पाकळीच्या जागी फिकट डाग नि काळ्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या. त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"रंग खरंच हातानं भरलेला होता," ते म्हणाले.

मी भरते की रंग, चित्रकलेत वर्गात पहिली आहे, असं मी भराभर सांगून टाकलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"नको. तेवीसच धर अजून."

पुढच्या रविवारी गुडघ्याला फडकं आवळून अप्पा दुसरी कळलावी शोधायला जुन्या बाजाराला निघाले. पायरीवर थांबून त्यांनी दम घेतला. मी वेणी घालून बरोबर जायला दारात उभी होते. माझ्याकडं बघून त्यांनी आधाराला छत्री उचलली आणि एकटेच गेले.