चालेल असा रिपोर्ट

"हा चालणार नाही, शिवलकर. पासपोर्ट नंबर कुठंय याच्यावर?"

विनीतनं फोन दुसऱ्या कानाला लावला. रेंज अंगणातल्या फणसापाशीच यायची, म्हणून तो बुंध्याला टेकून उभा होता. मुंबईचा एजंट घाईत होता. मागं अजून दोन फोन वाजत होते.

"सर, आधार नंबर आहे ना. नाव, जन्मतारीख सगळं बरोबर आहे. निगेटिव्ह आहे."

"क्रूझवाले आधार बघत नाहीत. आरटीपीसीआर पाहिजे, बहात्तर तासांच्या आतली, वर क्यूआर कोड आणि पासपोर्ट नंबर. परवापर्यंत पाठवा. नाहीतर तुमच्या जागी दुसरा मुलगा पाठवतो. इथं रांग लागलीय."

फोन बंद झाला. पायरीवर बसलेला विनीतचा बाप, केरू, सगळं ऐकत होता.

"काय बोलला रे?"

"चालत नाय म्हणतो."

"का? कोरोना नाय ना निघाला त्याच्यात?"

"नाय निघाला. पण नंबर पासपोर्टचा पायजे होता. मी लॅबमध्ये आधार कार्ड दिलं."

"माणूस तोच ना पण?"

विनीतला हसू आलं. "माणूस तोच. बोटवाल्यांना नंबर लागतो, बाबा."

"मग परत घाल नाकात काडी. त्यात काय!" केरू म्हणाला आणि तोंडावर हात धरून खोकला. तेव्हा त्याच्याकडं कोणी लक्ष दिलं नाही.

विनीत क्रूझवर केबिन स्टुअर्ड होता. प्रवाशांच्या खोल्या आवरायच्या, चादरी ताणून घालायच्या, टॉवेलचे हत्ती नि हंस करून पलंगावर ठेवायचे. कोरोनात बोटी बंद पडल्या आणि त्याला घरी पाठवलं. दोन महिन्यांत बोलावतो म्हणाले होते, त्याला वर्ष उलटून गेलं. तेवढ्या काळात रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर मिळेल ते काम त्यानं केलं. मासळीची खोकी उचलली, जाळी ओढली. बर्फाच्या कारखान्यात मात्र केरूनं त्याला पाऊल टाकू दिलं नाही. त्याचं स्वतःचं सगळं आयुष्य त्या कारखान्यात गेलं होतं. बर्फाच्या लाद्या ओढायच्या, फोडायच्या, ट्रॉलरच्या पोटात भरायच्या. बोटं इतकी बधिर झाली होती की शर्टाची बटणंही त्याला नीट लावता येत नसत. विनीत घरी आल्यापासून बापाची दाढी तोच करायचा. केरूला ते फार आवडे. डोळे मिटून, मान वर करून तो बसायचा आणि मध्येच विचारायचा, "तुझे गोरे पण अशीच दाढी करून घेतात काय रे तुझ्याकडून?"

"नाय ओ बाबा. मी फक्त खोल्या लावतो."

"एवढी मोठी बोट, आणि न्हावी नाय ठेवला?"

पोराच्या बोटीचा फोटो केरूनं सगळ्या बंदराला दाखवला होता. लोक म्हणत, ही तर बिल्डिंग आहे. मग केरू त्यांना खिडक्या दाखवायचा आणि सांगायचा, ह्या सगळ्या खोल्या माझा पोर लावतो.

त्याच संध्याकाळी जेवताना केरूनं बांगड्याच्या कालवणाचं ताट बाजूला सारलं.

विनीतची बायको दीपाली वाढत होती. "काय झालं बाबा? तिखट झालंय?"

"त्रिफळं घातलीस काय गो ह्याच्यात?"

"घातली की. वास सुटलाय घरभर."

केरूनं कालवणात बुडवलेली बोटं नाकाशी नेली. परत एकदा नेली. मग उठला, बाहेर पडवीत गेला आणि तिथून हाक मारली.

"विनू, मागच्या दारानं बाहेर हो. इकडं येऊ नको."

"बाबा, ताप हाय काय तुम्हाला?"

"दुपारपासून कसकसतंय. तू निघ बघू. अकबरकडं जा. जाळ्याच्या खोलीत झोप त्याच्या. उद्या टेस्ट करायचीय ना तुला?"

विनीतची मुलगी सानवी तेव्हा आजोळी, वेळणेश्वरला होती. घरात ही तिघंच. विनीतनं दीपालीकडं पाहिलं. हातात पळी धरून ती त्याच्याकडं बघत उभी होती. त्यानं काहीतरी म्हणायला हवं होतं. मी थांबतो, असं. निदान, आधी तुम्हाला डॉक्टरकडं नेतो, असं. केरूनं नाहीच ऐकलं असतं, पण म्हणायला तरी हवं होतं. विनीतच्या मनात मात्र पहिल्यांदा आलं ते हे, की दुपारी आपण बाबांच्या शेजारी किती वेळ बसलो होतो. त्यानं बॅग उचलली. बॅग भरलेलीच होती.

"जा तुम्ही," दीपाली म्हणाली. "मी हाय त्यांच्यापाशी."

अकबर होडेकर केरूच्या बरोबरीचा. त्याचे दोन ट्रॉलर होते आणि बंदराजवळ जाळी ठेवायची एक खोली होती. त्यानं लांबूनच किल्ली फेकली. "विन्या, काय लागलं तर फोन कर. केरूला मी बघतो. तू त्याची काळजी करू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी विनीत परत लॅबमध्ये गेला. ह्या वेळी पासपोर्ट हातातच धरला होता. काउंटरवरच्या मुलीनं नंबर लिहून घेतला, त्याला दोनदा वाचून दाखवला आणि मान वर न करता विचारलं, "घरी कुणाला ताप, खोकला?"

"नाही," विनीत म्हणाला.

काडी नाकात गेली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. ते येतंच, असं मुलगी म्हणाली.

तिथून तो घरी गेला, पण अंगणाच्या दगडी गडग्याबाहेरच थांबला. केरू खिडकीशी बसला होता. चेहरा एका रात्रीत उतरला होता.

"झाली काय टेस्ट?"

"झाली. उद्या येईल रिपोर्ट."

"नंबर घातला ना नीट?"

"घातला, बाबा. तुम्ही दवाखान्यात कधी जाताय?"

"दीपाली बोलली, गाडी येणार हाय." केरूनं गालावरून हात फिरवला. "दाढी वाढली रे. असं जायचं म्हंजे कसं दिसतं."

गडगा कमरेएवढाच होता. टांग टाकली की माणूस आत. विनीतनं चिऱ्यावर हात ठेवला. दगड तापला होता.

"आल्यावर करतो," तो म्हणाला.

"हां. आल्यावर कर," केरू लगेच म्हणाला, जणू त्यानंच सुचवलं होतं.

दीपाली बाहेर आली. तोंडाला पदर, त्यावर मास्क. ऑक्सिजन खाली येतोय, ती म्हणाली. अकबरचाचांनी मशीन पाठवलं होतं, त्यात बघितलं.

"मी येऊ काय?" विनीतनं विचारलं.

"आलात तर बोटीचं काय?"

ती टोचून बोलत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. थोडा वेळ थांबून ती आत गेली.

अँब्युलन्स दुपारी आली. विनीत वळणावर, आंब्याच्या आडोशाला उभा होता. पांढऱ्या कपड्यांतल्या दोघांनी केरूला धरून आत बसवलं, मागोमाग दीपाली चढली. गाडी समोरून गेली तेव्हा त्यानं हात वर केला. काच रंगवलेली होती. आतून बाहेरचं दिसतं की नाही, हे त्याला कळलं नाही.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. निगेटिव्ह. पासपोर्ट नंबर बरोबर, क्यूआर कोड स्वच्छ. एजंटनं लगेच उलट लिहिलं, हा चालेल. लागलीच निघा. केरूला तोवर ऑक्सिजनवर ठेवलं होतं, पण बोलतोय असं तिथली नर्स म्हणाली, हे दीपालीनं फोनवर सांगितलं. विनीत तिला म्हणाला, मी जाऊ का? ती म्हणाली, आता इथं राहून तरी तुम्हाला आत सोडणार नायत. ते खरं होतं. तो सकाळच्या गाडीनं मुंबईला गेला.

कंपनीनं सगळ्या मुलांना विमानतळाजवळच्या एका हॉटेलात ठेवलं होतं. एका खोलीत एक जण, जेवण दाराशी, बाहेर पडायचं नाही. केबिनच्या चादरी ताणणाऱ्या विनीतची चादर इथं दुसरं कोणीतरी ताणून गेलं होतं. तिथं तिसऱ्या दिवशी दीपालीचा फोन आला. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. त्यावरूनच बाबा गेले हे त्याला कळलं.

त्यानं एजंटला फोन लावला. एजंट वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "फार वाईट झालं. तुम्हाला जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. पण हॉटेलच्या बाहेर पडलात की टेस्टपासून सगळं पुन्हा. आणि ही बोट तर जाईल."

विनीतनं बॅग भरली. बूट घातले. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो हिशेब करत राहिला. रत्नागिरी किती लांब, बॉडी घरी देत नाहीत, संध्याकाळच्या आत सगळं उरकतात, आपण पोचेपर्यंत काय उरलेलं असेल. सगळे हिशेब बरोबर होते. त्यानं बूट काढले. दाराबाहेर कुणीतरी जेवणाचा डबा ठेवून, टकटक करून निघून गेलं.

बोटीवर चढताना पुन्हा नाकात काडी घातली, पुन्हा निगेटिव्ह. सुपरवायझरनं त्याच्या पाठीवर थाप मारली, वेलकम बॅक.

तो परत आला तो पुढच्या वर्षी, आंब्याच्या दिवसांत. सानवी उंच झाली होती. दीपालीनं त्याला पाणी दिलं, चहा दिला, प्रवासाचं विचारलं. निघून गेल्याबद्दल ती एका शब्दानं त्याला बोलली नाही. जेवायला वाढायची, अंथरूण घालून द्यायची आणि मुलीजवळ जाऊन निजायची. तो पडवीत असला तर ती मागच्या अंगणात. तो मागं गेला तर तिला पुढं काहीतरी काम निघे.

बंदरावर अकबरचाचा भेटला. चहा सांगितला. बराच वेळ दोघं ट्रॉलरवरून उतरणारी मासळी बघत बसले.

"चाचा, तुम्ही होता ना तिथं?"

"होतो. लांब उभं केलं होतं." अकबरनं कप खाली ठेवला. "त्या माणसांनी विचारलं, अग्नी कोण देणार, घरचं कोण हाय? मी म्हटलं, पोरगा बोटीवर गेलाय, तुम्हीच द्या. तर तुझी बायको पुढं झाली. तो प्लास्टिकचा डगला अंगात, आतून घामानं भिजलेली. बोलली, मी देते. आणि तिनंच दिला, विन्या."

हे दीपालीनं त्याला सांगितलं नव्हतं. घरी येऊन त्यानं तिला गाठलं. ती विहिरीवर कपडे वाळत घालत होती.

"बाबा काय बोलले? शेवटी?"

तिनं सानवीचा फ्रॉक झटकला, दोरीवर टाकला. "शेवटचं मला काय माहीत? आत सोडत नव्हते. गाडीत बोलले तेवढंच."

"काय?"

"विनूचा रिपोर्ट आला काय, म्हणून विचारत होते. धाप लागलेली, तरी तेच. मी सांगितलं, आला. निगेटिव्ह आला, नंबर पण बरोबर हाय, बोटवाले चालेल म्हणाले." ती थांबली. "तेव्हा आला नव्हता. पण सांगितलं."

"मग?"

"मग डोळे मिटून बसले. दाढी करायला बसायचे ना, तसे."

विनीतनं बादलीतला एक शर्ट उचलला. तिनं तो त्याच्या हातातून घेतला, पिळला आणि वाळत घातला.

त्यानंतर एक कॉन्ट्रॅक्ट झालं, आणखी एक झालं. दर वेळी तो घरी आला की काही दिवस घर त्याला परक्यासारखं वाटे, आणि सरावाचं होईतो जायची वेळ येई. गेल्या मार्गशीर्षात एजंटचा फोन आला तेव्हा विनीत त्याच फणसाखाली उभा होता. बोट गोव्याहून सुटणार होती.

"पासपोर्ट आहे ना व्हॅलिड? मेडिकल झालंय तुमचं. मग या सरळ."

"आणि टेस्ट, सर? कितीच्या आतली पाहिजे?"

"कसली टेस्ट?"

"आरटीपीसीआर."

एजंट हसला. "अहो, ते केव्हाच बंद झालं, शिवलकर. आता कोण विचारतंय? नुसते या."

विनीत फोन हातात धरून उभा राहिला. पडवीत दीपाली सुपात कुळीथ निवडत बसली होती. तिच्या शेजारी पायरीवर तो जाऊन बसला. एरवी तो असा बसला की ती काहीतरी निमित्त काढून उठायची.

"टेस्ट लागत नाय म्हणतो आता," विनीत म्हणाला. "नुसते या म्हणतो."

दीपालीची बोटं थांबली. ती अंगणाकडं बघत राहिली. मग तिनं सूप थोडं त्याच्याकडं सरकवलं. विनीत वाकून खडे वेचू लागला. वेचताना त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला. ती सरकली नाही.