केबिनमधली खाडी

खाडीचं पाणी तपासणाऱ्या त्या कार्यालयात यंत्रापेक्षा साहेबांच्या नाकाला मान होता. नमुन्याची बाटली आली की साहेब बूच काढत, ती जोरात हलवत, डोळे मिटून वास घेत आणि मगच चिठ्ठीवर सही करत; त्यानंतर बाटली तपासणीला जाई. मध्येच फोन आला तर सहीला दोन तास लागत. तोवर बाटल्या केबिनच्या गारव्यात तोंड उघडं टाकून बसत. त्या भरून आणणाऱ्या बाईंना सगळे बाटलीबाई म्हणत. खुलासा केला तर लोकांचा गैरसमज वाढेल म्हणून त्यांनी तो कधी केला नाही. त्यामुळे गैरसमज सुखानं वाढला.

बाटलीबाईंच्या सासऱ्यांचे खाडीत माशांचे सहा पिंजरे होते. यंदा ऊन असं की खाडीचं पाणी कोमट झालेलं. वरून येणारी नदी रोडावलेली, त्यामुळे शहराचं सांडपाणी समुद्राकडे न सरकता आगंतुक पाहुण्यासारखं मुक्काम ठोकून बसलेलं. कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो. उरलासुरला ही घाण कुजता कुजता फस्त करते. मासे वर येऊन तोंडं वासत होते. प्राणवायूचा आकडा तीनच्या खाली गेला तरच नदीवरच्या धरणाचं पाणी सुटणार, असा नियम. आणि अहवाल म्हणत होता, साडेपाच!

"सूनबाई, तुमच्या कागदावर मासे ठणठणीत आहेत म्हणे," सासरे म्हणाले. "जरा त्यांना वाचून दाखव. दम लागलाय बिचाऱ्यांना."

"मामंजी, भरताना पाणी वाईटच असतं हो. वाटेत कुठे सुधारतं, ते कळत नाही."

"इतक्या लवकर तर माणूसही सुधारत नाही."

बाईंच्या डोक्यात ते वाक्य रात्रभर घोळलं. सकाळी त्यांनी धक्क्यावरून एकाच दोरीनं, एकाच जागी दोन बाटल्या भरल्या. एकीत तिथेच, पाण्यातला प्राणवायू आहे तसा बांधून ठेवणाऱ्या औषधाचे थेंब टाकून बूच घट्ट बसवलं. तपासणीच्या पुस्तकात तेच लिहिलं होतं. पण थेंब टाकल्यावर वास घेता येत नाही, म्हणून साहेबांनी ती पद्धत बंद केली होती. प्राणवायू असला तर तळाला तपकिरी गाळ बसतो, नसल्यात जमा असला तर पांढरा. बाटलीत दुधासारखा पांढरा गाळ बसला.

दुसरी बाटली नेहमीसारखी केबिनमध्ये गेली. साहेबांनी हलवली, हुंगली आणि मान डोलावली. "ठीक आहे, बाई."

"आता हिच्यातही थेंब टाकते, साहेब. बघा तरी."

गाळ मस्त तपकिरी झाला. बाईंनी पांढऱ्या गाळाची बाटली शेजारी ठेवली.

साहेबांनी पांढऱ्या गाळाची बाटली उचलून उजेडात धरली. "ही कुठल्या गटारातली?"

"दोन्ही एकाच धक्क्यावरच्या."

"मग हिला काय झालं?"

"तिला काही नाही झालं, साहेब. झालं ते या तपकिरी गाळवालीला. इथल्या गारव्यात आणि तुमच्या हलवण्यानं हवा मिसळली. आपल्याकडे आलेलं पाणी बरं होऊनच जातं."

साहेबांना आधी ही स्तुती वाटली. मग हळूहळू कान लाल झाले. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी…"

"खाडीची सेवा केलीत. पण सगळी खाडी केबिनमध्ये मावत नाही ना. धरणाला लिहा."

पांढऱ्या बाटलीचा आकडा निघाला एक पूर्णांक सहा. साहेबांनी वास न घेता सही केली; हात मात्र दोनदा बुचाकडे गेला.

धरणाचं पाणी तिसऱ्या दिवशी पोचलं, गढूळ आणि थंड. तोवर एक पिंजरा संपला होता. सासऱ्यांनी मेलेले मासे काढले आणि उरलेल्या पाच पिंजऱ्यांवर वाकून बसले.

"एकही दिसत नाही," ते कुरकुरले.

"तळाशी गेलेत, मामंजी. म्हणजे बरे आहेत."

"ते कळतं गं मला. पण आठ दिवस कसे वर येऊन तोंड दाखवत होते. आता गरज सरली!"