पहिला जॉब भंगारात

यल्लाप्पा गेल्यापासून त्यांच्याशी कुणी भांडत नव्हतं. त्यांच्या मुलीला, राजेश्वरीला, सगळ्यात जास्त हेच खुपत होतं.

गणपतीचं विसर्जन झालं आणि त्याच आठवड्यात आप्पा गेले. तेव्हापासून पिरनवाडीच्या घरात जो येई तो त्यांची आरतीच ओवाळी. आप्पा कधी कुणाला उलटून बोलले नाहीत म्हणे. आप्पांना राग ठाऊकच नव्हता म्हणे. उद्यमबागच्या कारखान्यात सारी उमर लेथ मशीनवर उभा राहिलेला, साहेबालाही 'तुमचं ड्रॉइंग चुकलंय' असं तोंडावर सांगणारा माणूस तीन महिन्यांत संत होऊन बसला होता. राजेश्वरी मान हलवायची आणि चहा ठेवायला आत जायची. आपला बाप रोज थोडाथोडा पुसला जातोय, हे लोकांना कसं सांगणार?

आप्पांना संत न म्हणणारे आता एक भावकूकाका तेवढे उरले होते. ते आप्पांच्या शेजारच्या लेथवरचे. दोघांनी मिळून जितके जॉब, म्हणजे घडवलेले सुटे भाग, लेथवरून उतरवले असतील, त्याहून जास्त वेळा एकमेकांना खोटं पाडलं असेल. निवृत्तीनंतर लेथ सुटली, भांडण सुटलं नाही. शेवटचं भांडण चीनच्या रॉकेटवरून झालं होतं.

आप्पांना रॉकेटचा नाद राजेश्वरीनंच लावला. ती टिळकवाडीत राहायची, कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची आणि रविवारी माहेरी आली की काहीबाही वाचून दाखवायची. एकदा तिनं सांगितलं, चीनमधली एक खासगी कंपनी स्टेनलेस स्टीलचं रॉकेट बांधतेय. वरचा भाग पुढं अवकाशात जाणार आणि खालचा, नऊ इंजिनांचा, परत येऊन चार पायांवर उभा राहणार. म्हणजे तोच पुन्हा उडवता येईल. अमेरिकेला हे दहा वर्षांपूर्वीच जमलंय, चीनला अजून नाही.

"स्टेनलेस?" आप्पा सावरून बसले. "मग उतरतंय. पहिल्याच खेपेला उतरतंय बघ."

"डोकं फिरलंय काय रं?" भावकूकाका म्हणाले. "पहिला जॉब भंगारात जातोय. चीनमधे जा न्हाय तर बोरगावात जा."

लेथवरचा तो नेमच. नवं सेटिंग लावलं की पहिला जॉब काढायचा, मोजायचा, चूक दिसली की टूल तेवढं सरकवायचं आणि तो पहिला तुकडा भंगारात टाकायचा. आप्पांना हे कधी पटलं नाही. पहिलाच तुकडा पास व्हायला पाहिजे म्हणून ते अडून बसायचे, आणि बहुतेक वेळा तोंडावर पडायचे.

पैज लागली. हरेल त्यानं खव्याचा कुंदा द्यायचा.

रॉकेट उडालं ते डिसेंबरात, सकाळी. राजेश्वरीनं दुपारी ग्रंथालयात बसून बातमी वाचली, चित्रफीत दोनदा पाहिली. संध्याकाळी ती पिरनवाडीला पोचून आईजवळ बसते न बसते तोच भावकूकाका दारात आले. हातात कुंद्याचा डबा.

"वैनी! जिंकला की यल्लाप्पा! उतरलं रॉकेट."

जयाबाई तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याच्या आवडीचा म्हणून त्यांनी वर्षभरासाठी कुंदा सोडला होता. गोडाचा डबा या घरात इतक्या दिवसांत आला नव्हता. त्यांनी मान वर केली. "व्हय? खरंच उतरलं?" आणि त्या हसल्या. राजेश्वरीनं ते हसू गणपतीनंतर पहिल्यांदा पाहिलं.

गप्प बसणं सोपं होतं. आई हसत होती. पण भावकूकाकाही आप्पांना जिंकू द्यायला लागले, तर आप्पा खरोखरच संपले.

"काका, पडलं ते," ती म्हणाली.

"आं?"

"वरचा भाग कक्षेत गेला. खालचा पार उतरायच्या जागेपर्यंत आला, पण शेवटी पेट घेतला आणि आदळला. तुम्ही बघितलंय."

काकांनी टोपी काढली, परत घातली. "बघितलंय. म्हणून काय मेलेल्या माणसाला हरवायचं व्हय गं?"

"हरवा की. असली फुकटची पैज आप्पांनी घेतली असती?"

"घेतली असती?" काकांचा आवाज एकदम चढला. "डबा फेकून मारला असता माझ्यावर! तरी सांगत होतो त्याला. पहिला जॉब भंगारात जातोय म्हणून हज्जारदा सांगितलं. ऐकला का कधी? त्या पितळी बुशिंगच्या वेळी ऐकला? ढीगभर पितळ घालवलं, आणि वर मलाच म्हणतोय, तुझ्या मापात खोट! लई गाढव माणूस, वैनी. लई गाढव!"

बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. ते त्यांनी पुसलेही नाहीत, शिव्या देतच राहिले. राजेश्वरी भिंतीला टेकली. तिला कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेता आला.

जयाबाईंनी सूप खाली ठेवलं. "झालं तुमचं? पहिला भंगारात जातोय म्हणता. मग दुसरा?"

"दुसरा काय? दुसरा बरोबर येतोय."

"मग दुसऱ्या खेपेला उतरतंय, म्हणते मी. लावा पैज."

काका पेचात पडले. हो म्हणावं तर पैज राहत नव्हती, नाही म्हणावं तर जन्मभराचा नेम मोडत होता.

"न्हाय उतरत!" शेवटी ते गरजले. "रॉकेट म्हंजे काय बुशिंग हाय व्हय, दुसऱ्यात बरोबर याला?"

"बघू की. आणि तो डबा तुमचा तुम्ही न्या. हरलेत हे, तर कुंदा आमच्या पैशाचा खायचा. राजू, जा, घेऊन ये."

"तुम्ही तर सोडलाय, वैनी."

"मी खाणार न्हाय. तुम्ही माझ्यासमोर बसून खायचा."

राजेश्वरी बाहेर आली. स्कूटरला किल्ली लावली. आतून आवाज येत होते.

"हट्टी होता ओ, लई हट्टी."

"हट्टी न्हवते. चुकत होते."

"दोन्ही होता!"

"तुम्ही काय कमी हट्टी?"

किल्ली न फिरवता ती थोडा वेळ तशीच ऐकत उभी राहिली.