फिलिबेर्तच्या हातचं घड्याळ

"सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल," असं म्हणत तेओद्यूलने पेला दोन्ही हातांनी धरला. एका हाताने धरला असता तर निम्मी वाइन टेबलावर गेली असती. तीस वर्षं त्याने पॅरिसच्या घड्याळांवर पाऱ्यात कालवलेल्या सोन्याचा मुलामा चढवला आणि भट्टीवर उडणाऱ्या पाऱ्याच्या वाफेने हातांना कायमचं कापरं भरलं. शेवटची चार वर्षं भट्टी त्याच्या बायकोने, फिलिबेर्तने, सांभाळली. तो शेजारी बसून भाता ओढायचा. सकाळीच तिला माती दिली होती, आणि कारखान्यातली मंडळी दफनभूमीसमोरच्या गुत्त्यात पाव-चीज घेऊन बसली होती.

समोर तिची धाकटी बहीण झेली होती. तीही त्याच कारखान्यात, अकिकाच्या दगडाने मुलामा घोटून चकाकवायची. वाटेत ती त्याच्याशी चकार शब्द बोलली नव्हती. 'ताईला सांभाळलंत तुम्ही,' एवढं तिने म्हणावं म्हणून म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

तेओद्यूल सांगू लागला. तर, रथातल्या उषादेवीचं घड्याळ. घोड्यांच्या आयाळीचा केस न् केस फिलिबेर्तने असा उजळवला, की ते खिडकीत ठेवताच समोरचा कोंबडा भर दुपारी आरवला आणि कोंबड्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा अंडी घातली. विकत घेणाऱ्या सरदारीणबाई तर दिवाणखान्यात छत्री उघडून बसत. ओतारी बास्तियाँने विचारलं, पिल्लंही मुलामा चढवूनच निघाली का? सगळे हसले. झेली पाव कुसकरत राहिली.

तेओद्यूलचा आवाज खाली आला. भट्टीपाशी तोंडात सोन्याचं नाणं धरायचं, ही मुलामेवाल्यांची जुनी रीत. वाफेतला पारा नाण्याला चिकटतो, रक्तात उतरत नाही. घरात नाणं एकच. ते म्हणे त्याने पहिल्याच दिवशी फिलिबेर्तला दिलं. रोज सकाळी स्वतः तिच्या जिभेवर ठेवायचा, संध्याकाळी पांढरंफटक झालेलं काढून घ्यायचा.

"चार वर्षं, झेली. एक दिवस चुकला नाही. तरी पाऱ्याने नेलीच तिला."

बास्तियाँने डोक्यावरची टोपी काढली.

झेलीने पहिल्यांदाच वर पाहिलं. "कोंबड्यांचं मी खरं मानते, भावोजी. पण ताई भट्टीपुढे दिवसभर गायची. दात गळाले तरी गायची. तोंडात नाणं धरून कुणाला गाता येतं? तिथे तोंड मिटून बसलेले तुम्ही होतात."