जाम नदीकाठचा कन्सोल

मित्रांनो, मी गेम खेळायचा एक जुना कन्सोल आहे. पांढुर्ण्यात केशवरावांच्या बैठकीत, टीव्हीखाली माझी जागा आहे. दुसऱ्यांचे आवाज पोचवणं हे माझं काम. स्वतःहून मात्र मला एक अक्षर बोलता येत नाही, आणि याचीच मला खंत आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. केशवरावांचा मुलगा वीरेंद्र शाळामास्तर आहे. त्याने मला आणि माझ्या जुळ्या भावाला नागपूरहून सोबतच आणलं. मी त्याच्या मुलीला, उर्वशीला मिळालो. भाऊ गेला नदीपलीकडे सावरगावला, केशवरावांची मुलगी उषा हिच्या घरी, तिच्या दामिनीसाठी. काय ऐट होती तेव्हा माझी! दसऱ्याला घरातल्या अवजारांबरोबर मलाही पूजेत बसवलं. उर्वशीची आजी, प्रेमलताबाई, यांनी इतकं भरभरून हळदकुंकू वाहिलं की माझ्या पंख्याच्या जाळीतून अजून पिवळी धूळ निघते.

मग तीन वर्षांपूर्वीची गोटमार आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत पळसाचं झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरून दगड चालतात. सोयरे दोन्हीकडे असतात, म्हणून त्या दिवसाचं भांडण त्या दिवशीच संपवायचं असतं. पण उषाचे यजमान अनिलराव यांच्या गुडघ्यावर दगड बसला आणि ते चारचौघांत बोलून गेले, "हा दगड वीरेंद्रनंच मारला, नेम धरून!" एवढ्या दगडांत कोणाचा कोणता, हे कोण सांगणार? केशवरावांना ते लागलं. "आजपासून त्या घरी जाणं नाही, फोन नाही," असं म्हणून बसले. बोललेलं मागे घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

आम्ही दोघे भाऊ तेवढे जोडलेले राहिलो. रोज संध्याकाळी उर्वशी आणि दामिनी आमच्यावर ठोकळ्यांची घरं बांधायचा खेळ खेळत आणि गप्पा मारत. केशवराव नेमके त्याच वेळी पेपर घेऊन माझ्याजवळ बसत. टीव्हीतून दामिनीच्या मागे उभ्या असलेल्या उषाचा आवाज येई, "विचार बरं उर्वशीले, बाबानं गोळी घेतली काय?" पेपरातून मान वर न करता केशवराव म्हणत, "हाव म्हण." बापलेकीचं बोलणं एवढंच. पण गोळी विसरली तरी ही वेळ ते विसरत नसत.

पेपरातल्या यंत्रांच्या बातम्या ते मोठ्याने वाचत. मेमरी महागली म्हणून कन्सोल महागले. काही नव्या कन्सोलना डिस्क घालायला जागाच नाही. गेम बनवणाऱ्यांना नोकरीवरून काढल्याचं ईमेलवर कळवलं. "लोकायचं काही खरं नाई," म्हणून ते हसत. एके दिवशी वाचलं, एक कंपनी जुन्या मशीनवरची ऑनलाइन सेवा बंद करणार आहे. तेही त्यांनी हसून वाचलं. परदेशातली कुठली तरी गोष्ट असेल, असं त्यांना वाटलं. ते मशीन मी होतो! पडद्यावर महिनाभर इंग्रजीत सूचना येत होती. उर्वशी ती न वाचता 'ओके' दाबून खेळायला लागे.

यंदाच्या गोटमारीला मुली दिवसभर घरातच खेळत होत्या. संध्याकाळी उषाने पहिल्यांदाच माईक स्वतः हातात घेतला.

"बाबा, मी उषा बोलून राहिली. महालक्ष्म्याले येऊ काय?"

वीरेंद्र दारात थांबला. प्रेमलताबाई नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. केशवरावांनी पेपराची घडी केली. 'ये' एवढंच म्हणायचं होतं.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

माझ्याजवळ उद्या नव्हता, मित्रांनो. दुसऱ्या दिवशी उर्वशीने मला तीनदा चालू केलं. तीनदा एकच ओळ आली, सेवा बंद झाली आहे.

"आबा, आत्याले फोन लावा ना!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"तिले गरज असन तर ते करन," केशवराव म्हणाले. पलीकडे उषा त्यांच्या उत्तराची वाट पाहत असणार. महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, गेल्या. उषाच्या नावाने वाढलेलं ताट झाकलेलंच राहिलं.

त्यानंतर एका दुपारी केशवराव एकटेच माझ्यासमोर येऊन बसले. त्यांनी माईक तोंडाजवळ धरला. "ये न वं, उषा," ते हळूच म्हणाले. मग माईक पुन्हा माझ्याजवळ ठेवला. तीन वर्षं मी या घरचे आवाज नेले, आणि हाच एक शब्द मला नेता आला नाही. आता वाटतं, माझीच चूक झाली. मी मध्ये नसतो, तर लेकीच्या आवाजासाठी ते कधीच पूल ओलांडून गेले असते.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा, आमची धूळ पुसा. माझी धूळ राहू द्या. कोणाला 'ये' म्हणायचं असेल, तर ते आमच्या भरवशावर ठेवू नका. उठा, पायात चपला घाला. सावरगाव पुलापलीकडेच आहे.